कुंडीतला वड

वड म्हटला की पार आला, पारंब्या आल्या, ज्येष्ठी पौर्णिमेला सूत गुंडाळणाऱ्या सुवासिनी आल्या. माझा वड मात्र गच्चीच्या कठड्यावर बसतो. उंची दोन वीत, वय तीस वर्षांच्या पुढे. शेजारच्या वहिनी म्हणतात, "भावोजी, याला फेरे बोटानंच घालावे लागतील!"

चारचौघांत बोन्सायचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "मास्तर, झाडाचा छळ कशाला?" प्रश्न रास्त आहे. मुळे छाटायची, फांद्यांना तार गुंडाळायची, हे दिसायला क्रूरच दिसते. पण उपाशी झाड तीस वर्षे जगत नाही. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडी मुळे छाटून माती बदलली की नवी तंतुमुळे फुटतात आणि झाड तरारते. शिवाय त्याची जात खुजी नसते. हाच वड जमिनीत लावा, तो वाढू लागेल.

या छंदाची खरी गोम पाण्यात आहे. कुंडी उथळ, माती मूठभर. वैशाखात दोन वेळा पाणी हवेच. म्हणजे लग्नालाही गाव सोडायची चोरी. म्हणून माणसे एकमेकांना धरून राहतात. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले माळी ओमिया येथे गेले आणि 1925 साली त्यांनी बोन्सायचे गावच वसवले. तिथे राहायचे तर घरी निदान दहा बोन्साय हवीत, बाग सर्वांना खुली हवी, घरावर मजला चढवायचा नाही आणि कुंपण झाडांचेच हवे, असे नियम होते.

आमची मंडळी आठच. दातांचे डॉक्टर जुने चिमटे पुरवतात. एक रिक्षावाले भिंतीतून उगवलेले पिंपळ अचूक हेरतात, त्यांना आम्ही पिंपळवालेच म्हणतो. वड होता अण्णांचा. रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी. आजार बळावला तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि कुंड्या स्वतःच वाटल्या. मला म्हणाले, "तुम्ही शाळामास्तर, ठरल्या वेळी घरी येणारे. वड तुम्ही न्या." बरोबर एक वही दिली. केव्हा माती बदलली, केव्हा तार काढली, सगळे तारीखवार. वैशाखात अण्णा गेले.

वहीप्रमाणे मुळे छाटायचे हेच वर्ष होते. मृगात सगळे माझ्या गच्चीवर जमले. कात्री माझ्या हाती, आणि हात थरथरत होता. झाड गेले असते तर अण्णांना दुसऱ्यांदा पोचवल्यासारखे झाले असते. पुढे कितीतरी दिवस शाळेतून आलो की चपला न काढता गच्चीवर जायचो. एका संध्याकाळी शेंड्याला लालसर कोंब दिसला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

1625 पासून जोपासलेले एक पाइनचे झाड हिरोशिमात होते. 1945 चा बॉम्ब तिथून तीनेक किलोमीटरवर पडला, झाड वाचले. त्याच्या मालकांनी, यामाकींनी, 1976 साली ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला! एवढ्या वर्षांत त्याला किती हातांनी पाणी घातले असेल!

अण्णांच्या वहीत आता माझे अक्षर सुरू झाले आहे. दिवाळीला आम्ही चार दिवस गावी निघालो आहोत. गच्चीची किल्ली पिंपळवाले कालच घेऊन गेले.