शेवटची गाडी

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गाड्यांचे ताफे नेणं हा माझा धंदा. लोक आपापल्या फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन येतात, आम्ही वाट दाखवतो. सुरुवातीची काही वर्षं मी ताफ्याच्या पुढे असायचो. आता पुढे माझा सहकारी असतो आणि मी सगळ्यांच्या मागे, सात गाड्यांचा धुरळा खात. ही जागा मी मागून घेतली आहे.

आमची नेहमीची वाट म्हणजे ऊडनाडाटा ट्रॅक. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅरीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. १८७२ साली पूर्ण झालेली तारायंत्राची लाइन याच पट्ट्यातून गेली, पुढे जुनी 'घान' रेल्वेही. कारण एकच, पाणी. जमिनीखालच्या ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी इथे झऱ्यांच्या माळेनं वर येतं. अरबाना लोकांना हे झरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. गोऱ्या शोधकांना ते १८५०च्या दशकात सापडले. 'बबलर' नावाच्या झऱ्यात वाळू चुलीवरच्या आमटीसारखी खदखदताना दिसते आणि भोवती मैलोगणिक झाड नसतं.

मॅरीत खजुराची झाडं दिसली की मराठी पाहुणे हमखास विचारतात, ही इथे कुणी लावली? उंटवाल्यांनी. १८६६ साली कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे हाकणारे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतले अनेक बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे. इथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होतं. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत या मुलखाचं पीठ, लोकर, तारेचे खांब त्यांच्याच तांड्यांनी वाहिले.

मॅरीत आमचं पहिलं काम टायरमधली हवा कमी करायचं. डांबरावरची ४०ची हवा २८पर्यंत उतरवतो. मऊ टायर दगडाला जुळवून घेतो, ताठ टायर फाटतो. पुढचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो. चाकांच्या उड्यांनीच त्या वळ्या पडत जातात. मध्येच फुफाट्यानं भरलेला खड्डा लागतो, वरून सपाट दिसणारा. म्हणून वेग ताशी ८०च्या आतच.

ताफ्याचे नियम मोजून तीन. पहिला, पुढच्या गाडीच्या धुरळ्यात शिरायचं नाही. वारा पडलेला असेल तर किलोमीटरभर अंतर ठेवायचं. दुसरा, रेडिओ चालू हवा. पुढची गाडी समोरून येणाऱ्या रोड ट्रेनची वर्दी देते, मागची गाडी मागून येणाऱ्याची. रोड ट्रेन ५० मीटरहून लांब असू शकते. तिच्यासाठी बाजूला व्हायचं, वाद घालायचा नाही. तिसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. वळण आलं की दुसऱ्या क्रमांकाची गाडी तिथे थांबते आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत हलत नाही. प्रत्येकानं आपल्या मागच्याला सांभाळायचं.

हा तिसरा नियम मी एकदा किती सैल धरला होता, ते विल्यम क्रीकला कळलं. दहा-बारा माणसांची वस्ती. तिथून डावीकडे सुमारे १६५ किलोमीटरवर कूबर पीडी आणि सरळ सुमारे २०० किलोमीटरवर ऊडनाडाटा. आम्ही डावीकडे वळलो. वळणावरच्या चालकानं एक पांढरी गाडी वळताना पाहिली, तिलाच आपली शेवटची समजला आणि निघाला. ती कुणा परक्याची होती. आमची शेवटची गाडी सरळ गेली. पुढे बसून मी रेडिओवर ओपलच्या खाणींच्या गोष्टी सांगत होतो. हजेरी घेतली ती ४० किलोमीटरनंतर. सात नंबर बोलले, आठ बोलला नाही.

परत फिरलो. चुकीच्या वाटेवर ६० किलोमीटरवर ते जोडपं भेटलं, गाडीच्या सावलीत स्टोव्हवर चहा करत. मागचा टायर फुटला होता आणि जॅक फुफाट्यात रुतत होता. मी रागावण्याआधीच काकू म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, गाडी सोडायची नाही म्हणून. बसलो."

ते मी सांगतो त्याला कारण आहे. १९६३च्या डिसेंबरात मॅरीहूनच निघणाऱ्या बर्ड्‌सव्हिल ट्रॅकवर पेज कुटुंबाची गाडी अडली. पाचही जण पाण्याच्या शोधात गाडी सोडून निघाले आणि तहानेनं गेले. ऐन उन्हाळा होता. याच मुलखातल्या ऊडनाडाट्यात १९६० साली ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. विमानातून पाहणाऱ्याला गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

त्या दिवसापासून मी मागे आहे. पुढच्या गाडीला रस्ता दिसतो, मागच्या गाडीला माणसं दिसतात: कोण थकलाय, कुणाचं चाक डुगडुगतंय, कोण उगाच वेग वाढवतोय. पाऊस पडून रस्ता बंद झाला तर दोन दिवस चिखलाकाठी पत्ते कुटत बसायचं धैर्यही मागूनच पुरवावं लागतं.

जायचं तर मे ते ऑगस्ट. माणशी दिवसाला किमान ५ लिटर पिण्याचं पाणी, दोन जादा चाकं आणि सॅटेलाइट फोन घ्या. मोबाइल बहुतेक वाटेवर मुकाच असतो. आणि नोंदणी करताना गाइडला एवढंच विचारा: तुमच्या ताफ्यात शेवटची गाडी कोण चालवतं? उत्तराला वेळ लागला, तर दुसरा ताफा शोधा.