पेव फुटलं म्हणजे नेमकं काय झालं?

सुरुवात माझ्याच एका वाक्यापासून झाली. पुण्यातल्या कॅफेंवर एक स्टोरी केली होती. इंट्रोमध्ये मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘गल्लोगल्ली कॅफेंचं पेव फुटलंय.’ अंक बाजारात आला आणि सकाळी सकाळी बाबांचा फोन. वाटलं, कौतुक करतील. तर म्हणाले, ‘‘पेव पाहिलंयस का गं कधी?’’

खरं सांगते, पाहिलं नव्हतं. तुम्हीही पाहिलं नसणार. क्लासेसचं पेव, मॉल्सचं पेव, चॅनल्सचं पेव... आम्हा पत्रकारांचा हा हुकमी शब्द. पण पेव ही एक वस्तू असते, जमिनीत असते, आणि असं एक पेव आमच्या स्वतःच्या वाड्यात आहे, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तेही कधी? तर ते बुजवायच्या चार दिवस आधी. कळंबचा वाडा पाडून तिथे दुकानांचे गाळे निघणार होते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणून वाटणीच्या कागदांचं पाकीट घेऊन मी निघाले.

येरमाळ्याचा घाट उतरून

कळंब म्हटलं की पुण्यातले निम्मे लोक यवतमाळचं कळंब समजतात. आमचं कळंब धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. कुर्डुवाडी, बार्शी मागे टाकत एसटी बालाघाटाच्या डोंगररांगेत शिरते आणि येरमाळा येतं. इथली येडेश्वरी म्हणजे येडाई. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत लाखो माणसं इथल्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. येरमाळ्याहून पुढे सपाटी सुरू होते. दोन्हीकडे सोयाबीन, मधूनच ऊस, आणि मग मांजरेच्या काठावर कळंब. नदीच्या पलीकडे बीड जिल्हा. बाजारपेठ मोठी, रस्ते धुळीचे आणि चहा गोड. इतका गोड, की पहिल्याच घोटात झोप उडावी.

वाड्यात गेले तर निम्मं सामान बाहेर काढलेलं. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, मोबाइलवर ठेकेदाराशी बोलत होता. ओसरीवर आबा बसले होते. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय सत्त्याऐंशी. ऐकू कमी येतं, आठवतं मात्र सगळं.

‘‘पेव बघाया आलीस?’’ आबा म्हणाले. ‘‘त्याच्यावरच हुभी हायस की!’’

मी दचकून बाजूला झाले. पायाखाली एक दगडी फरशी होती. इतकी वर्षं सुट्टीत येऊन आम्ही पोरं जिच्यावर काचापाणी खेळलो, तीच.

काळी आणि पांढरी

मराठवाड्यात जमिनीचे दोन प्रकार सांगतात. पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव वसतं ती पांढरी. पेव काळीत खणत नाहीत. काळी माती पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते. पेव घ्यायचं ते उंचवट्यावर, पांढरीत नाहीतर मुरमात. तोंड एवढं अरुंद, की एक माणूस कसाबसा आत उतरेल. खाली मात्र रांजणासारखा पोटाचा घेर. आमचं पेव दोन पुरुष खोल. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची. विहिरीही याच मापाने मोजतात.

‘‘साठ पोतं ज्वारी बसायची,’’ आबा सांगत होते. आधी आत जाळ करून भिंती सुकवायच्या. मग शेणामातीने लिंपायचं. तळाला आणि कडेला कडबा, भूस, कडुनिंबाचा पाला यांचा जाड थर. त्यात ज्वारी ओतायची. वर पुन्हा भूस, मग फरशी आणि मातीचा लेप. एकदा तोंड बंद केलं की वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, त्याला हात लावायचा नाही.

आणि ज्वारी किडत कशी नाही? यातली गंमत शाळेतल्या विज्ञानाची आहे. धान्यही श्वास घेतं आणि त्यातले किडेही घेतात. बंद पेवातला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि किडे मरतात. आज हवाबंद पिशव्यांमध्ये धान्य ठेवण्याचं जे तंत्रज्ञान विकलं जातं, त्यामागचं तत्त्व हेच.

पण जी हवा किड्याला मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. झाकण काढून बराच वेळ थांबायचं आणि दोरीला बांधलेला कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर समजायचं, आत माणसाची जागा नाही. घाई करून उतरलेली माणसं पेवात गेल्याच्या गोष्टी इकडे गावोगाव ऐकायला मिळतात.

डगआउट, पण कळंबचं

दादाला हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्याचा कंटाळाही आला होता. क्रिकेटचा किडा असल्यामुळे तो म्हणाला, ‘‘म्हणजे डगआउटच की!’’

चेष्टेत म्हणाला, पण मला तो शब्द चिकटला. ट्वेंटी-ट्वेंटीत बॅटिंगची वाट बघणारे खेळाडू सीमारेषेपाशी बसतात, त्या जागेला आपण डगआउट म्हणतो. खरं तर तिथे काहीच खणलेलं नसतं. शब्द आला बेसबॉलमधून. तिथे मात्र खेळाडूंचं बाकडं खरोखर जमिनीच्या पातळीखाली असतं, मागच्या प्रेक्षकांना मैदान दिसावं म्हणून. त्याआधीचे डगआउट म्हणजे चक्क घरं. अमेरिकेत 1862च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळायची, पण नेब्रास्का-कॅन्ससच्या माळरानावर घर बांधायला लाकूडच नाही. मग लोकांनी टेकाडाच्या कुशीत खड्डा खणला, वर गवताळ मातीचं छप्पर घातलं आणि त्यात संसार मांडले. अर्थात, ती जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती. पहिल्या महायुद्धात हाच शब्द खंदकांमध्ये गेला. 1915-16मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत शहराला तुर्कांनी वेढा घातला, तेव्हा अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. तोफांच्या माऱ्यात त्यांचाही आसरा जमिनीखालीच होता.

आणि आपला धाराशिव जिल्हा तर खणण्यात जुना खिलाडी. धाराशिव शहराजवळची लेणी पाहा, डोंगर पोखरून काढलेली. मी हे उत्साहाने आबांना सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ह्याच्यात मी बी राह्यलोय. एक रात.’’

अठ्ठेचाळीस

1948. कळंब तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. शेजारचा बार्शी तालुका मात्र सोलापूर जिल्ह्यातला, म्हणजे भारतात. स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं तरी आमच्या घरापासून काही कोसांवर सरहद्द होती. रझाकारांच्या भीतीने माणसं बार्शीकडे जात होती. हैदराबाद मुक्तीसाठी लढणाऱ्यांचे कॅम्पही त्या बाजूला होते.

आबा दहा वर्षांचे. त्या वर्षी पेव रिकामं होतं. लेव्हीत धान्य गेलेलं, उरलेलं खाऊन संपलेलं. एका रात्री गावात आवई उठली, रझाकार आले. आबांच्या आईने त्यांना आणि दोन बहिणींना दोराने पेवात सोडलं आणि फरशी अर्धी सरकवून ठेवली.

‘‘भ्याव नाय वाटलं?’’

‘‘वास लई व्हता. जुन्या ज्वारीचा, आंबूस. धाकटी रडायली तवा तिचं तोंड दाबून धरलं. वर बघितलं की भाकरीयेवढं आभाळ. त्याच्यात तीन चांदण्या. सकाळपर्यंत त्याच मोजल्या.’’

त्या रात्री कोणी आलं नाही. पुढे 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, सोलापूरकडून येऊन त्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि 17 तारखेला निजाम शरण आला. आबांची धाकटी बहीण मात्र मरेपर्यंत दार पूर्ण लावून कधी झोपली नाही.

मी वहीत भराभर लिहीत होते. मनातल्या मनात लेखाचा शेवटही तयार झाला होता. जमिनीने जपलेलं धान्य, जमिनीने जपलेली लेकरं, आणि आता त्यावर सिमेंट. वाचकांच्या डोळ्यांत पाणी वगैरे.

बहात्तर

‘‘आणि बहात्तरच्या दुष्काळात?’’ मी विचारलं. ‘‘तेव्हा तर पेवाने गाव जगवलं असेल ना?’’

आबा थोडा वेळ गप्प बसले. दादाने फोन खिशात ठेवला. त्यालाही हे ठाऊक नसावं.

1972. महाराष्ट्राच्या आठवणीतला सगळ्यात मोठा दुष्काळ. माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला दुष्काळी कामांवर गेली. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, लेकरांना सुकडी. आमच्या वाड्यात मात्र ही फरशी होती आणि फरशीखाली दोन सालांची शाळू ज्वारी.

‘‘तुझ्या आज्यानं पेव उघडलं,’’ आबा म्हणाले. ‘‘पण फुकट न्हाई. दिढीनं.’’

दिढी म्हणजे दीडपट. आज एक पोतं न्यायचं, सुगीला दीड परत करायचं. आधी सवाई चालायची, दुष्काळात दिढी झाली. पुढच्या दोन वर्षांत बहुतेकांनी फेडलं. एका घराचं फिटलं नाही. त्यांची नदीकाठची चार एकर काळी आमच्या नावावर आली. आणखी चार वर्षांनी ती विकली.

‘‘कशासाठी?’’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

‘‘तुझ्या बापाला पुण्याला घातलं की इंजिनेरिंगला.’’

बाबांची पदवी, बाबांची नोकरी, आमचा कोथरूडचा फ्लॅट, माझी मास कॉमची फी. मी उभी होते त्या फरशीकडे बघितलं. आबांचा आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. ते पुढे म्हणाले, ‘‘वाईट म्हणू नगंस त्याला. त्यानं दिलं म्हणून लोकं जगली बी. बार्शीच्या आडतीत नेऊन विकली असती तर जास्त पैसं व्हते. पण ती चार एकर घ्याया नगं व्हती. मी तवा बी म्हणलो व्हतो.’’

त्या घरातली माणसं आता कुठे आहेत, हेही मी विचारलं. गावातच आहेत. त्यांचा नातू ट्रॅक्टर चालवतो. पेव बुजवायला मुरूम त्याच्याच ट्रॅक्टरने येणार होता.

तीन ट्रॉल्या मुरूम

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी पहार घालून फरशी हलवली. आतून थंड, आंबूस वास आला. तास-दीड तास थांबलो. दादा मोबाइलचा टॉर्च दोरीला बांधायला लागला, तसे आबा ओरडले, ‘‘आरं, ते काय इझतंय व्हय?’’ मग शोधाशोध करून जुना कंदील सोडला. ज्योत तळापर्यंत जळत राहिली. खाली भुश्याचा काळा थर आणि कडेला चार-दोन काळे पडलेले दाणे. बस्स.

आज या पेवात ठेवायचं तरी काय? शेतात सोयाबीन. काढलं की थेट आडतीवर, पैसे खात्यात, गहू-तांदूळ रेशनला. कोणी दोन वर्षांची ज्वारी घरात ठेवत नाही. दादाचं चूक म्हणायला मला तोंड नव्हतं. गाळ्यांच्या भाड्यातून त्याच्या मुलीची लातूरची क्लासची फी जाणार आहे.

ट्रॅक्टर आला. चालवणारा माझ्याच वयाचा. मी काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण काय बोलणार? ‘‘पाणी घेता का?’’ एवढंच विचारलं. त्याने तांब्या घेतला, ताई कुठून आलात म्हणून चौकशी केली आणि ट्रॉली मागे घेतली. तीन ट्रॉल्यांत पेव भरलं. त्याला सगळं माहीत आहे की काही माहीत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

निघताना आबांना विचारलं, ‘‘आबा, पेव फुटलं म्हणजे काय हो?’’ शब्दकोशात अर्थ आहे, अचानक सुळसुळाट होणं. आबांचा अर्थ वेगळा निघाला.

‘‘तोंड नीट लिंपलं न्हाई की पावसाचं पाणी जातं. दाणा फुगतो, फुटतो. मग बाहेर येतंय लई. पण खाण्याजोगं नसतंय.’’

पुण्याला पोचल्यावर वाटणीचे कागद बाबांच्या हातात दिले. ती चार एकर कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं. ‘‘कॉलेजच्या पहिल्या वर्षी कळलं,’’ ते म्हणाले. ‘‘पण तोवर फी भरलेली होती.’’ मग बराच वेळ टीव्ही बघत बसले. बंद टीव्ही.

जायचं असेल तर

पुण्याहून कळंबला बार्शी-येरमाळामार्गे एसटीने साधारण सहा-सात तास लागतात. रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडी-लातूर मार्गावर कळंब रोड नावाचं स्टेशन आहे, पण तिथून गाव लांब आहे. येरमाळ्याची येडाई, येडशीचं रामलिंग अभयारण्य, धाराशिवची लेणी आणि तेर, म्हणजे प्राचीन तगर, इथलं त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय, हे सगळं दोन दिवसांत आरामात होतं. पावसाळा संपता संपता जा. आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर चहा मिळाला, तर पायाखालची फरशी कसली आहे ते जरूर विचारा. फक्त उत्तर ऐकून घ्यायला वेळ हाताशी ठेवा.