जरा उजेडात बघू या?

पार्सल परत आलं की मावशी ते लगेच उघडत नाही. टीव्हीशेजारच्या खुर्चीवर ठेवते, चहाचं आधण टाकते आणि चहा होईपर्यंत तिकडे बघतसुद्धा नाही. नको असलेला पाहुणा येऊन बसावा ना, तसं. 2023 च्या श्रावणात त्या खुर्चीवर एकावर एक पाच पार्सलं होती. आणि खरं सांगायचं तर पाचही माझ्यामुळे परत आली होती.

आधी मावशीबद्दल. ती डोंबिवलीत राहते. 22 वर्षं एका साडीच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. 2020 च्या लॉकडाउनमध्ये दुकान बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. मालकांनी हिशेब चुकता केला, हात जोडले, संपलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला नवीन नोकरी कोण देणार? मग तिने एक एफडी मोडली, इरकल साड्या आणि खणाचे ब्लाउजपीस आणले आणि घरातूनच विकायला सुरुवात केली. आधी सोसायटीत, मग भिशीत, मग व्हॉट्सअ‍ॅपवर. इन्स्टाग्रामवरचं दुकान तिला मी थाटून दिलं. "तू मास कॉमवाली ना, मग फोटोबिटो तूच काढ," हेही ओघानंच आलं.

मला तेच तर हवं होतं! फोटोग्राफीचा अख्खा पेपर दिला होता मी. अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, रूल ऑफ थर्ड्स... सगळं पाठ. प्रॅक्टिकलला साडी नावाची वस्तू मात्र कधी समोर आली नव्हती, हा भाग वेगळा.

माझी पद्धत अशी होती. दिवसभर लेख खरडायचे, सात वाजता डोंबिवली गाठायची, मावशीच्या हॉलमध्ये साड्या पसरायच्या. वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात पिवळा दिवा (तो असला की फोटोला म्हणे 'वॉर्म फील' येतो) आणि समोर मी खास विकत घेतलेली रिंग लाइट. मागे मावशीची पिस्ता रंगाची भिंत. फोटो काढून झाले की अ‍ॅपमध्ये घालून रंग जरा चढवायचे. जरा म्हणता म्हणता बरेच. पण काय दिसायच्या साड्या! लाइक्स धो धो. पहिल्या तीन आठवड्यांत अकरा ऑर्डरी आल्या. मावशीने मला हॉटेलात मिसळ खिलवली.

आणि मग पार्सलं परत यायला लागली.

कारण सगळ्यांचं एकच: रंग वेगळा आहे. फोटोत डाळिंबी, हातात विटकरी. फोटोत मोरपंखी, हातात शेवाळी. पाचांतल्या एका बाईंचा मेसेज माझ्या अजून डोक्यात आहे. त्यांनी आईच्या पंच्याहत्तरीसाठी साडी मागवली होती. आईची तरुणपणीची एक मोरपंखी इरकल होती, अगदी तशी हवी होती. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "साडी चांगली आहे हो, पण फोटोतली ही नाही."

मावशी वहीत हिशेब करत होती. कुरिअर जाताना 90, येताना 110. पाच साड्यांचे हजार रुपये, हातात काही न येता. मी म्हटलं, "मावशी, ऑनलाइनमध्ये एवढे रिटर्न्स चालायचेच गं. प्रत्येकीच्या मोबाइलवर रंग वेगळा दिसतो." तिने वही मिटली. म्हणाली, "22 वर्षांत माझ्या हातून गेलेली एक साडी रंगापायी परत आली नव्हती."

मी जरा गुश्श्यातच विचारलं, "मग तू असं काय करायचीस?"

"काय करणार? बाईला दारात न्यायची."

दुकानात दिवसासुद्धा ट्यूबलाइट जळायच्या. साडी पसंत पडत आली की मावशी ती हातावर घेऊन काउंटरबाहेर यायची आणि म्हणायची, "ताई, जरा उजेडात बघू या?" दुकानाच्या दारात, रस्त्यावरच्या उजेडात साडी अर्धी उलगडायची. पदर हातावर टाकून एकदा इकडे वळवायची, एकदा तिकडे. कुठे गाठ, कुठे सुटलेला धागा असेल तर तोही आपणच दाखवायची. मालक कुरकुरायचे की गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं की पायरी उतरायला किती वेळ लागतो? कधी कधी ते उतरायचंही. पण जे घ्यायचं, ते परत यायचं नाही.

"तुझ्या फोटोत दार कुठाय?" मावशीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीतच राहिले. सकाळी नऊ वाजता गॅलरीची मोठी खिडकी उघडली आणि घरातले सगळे दिवे बंद केले. हे दिवे बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो, तो एकदा वाचून बघा. पिवळा दिवा साधारण 2700 ते 3000, पांढरा एलईडी बहुतेक वेळा 6500. मधल्या वेळचा बाहेरचा उजेड 5500 च्या आसपास. आपले डोळे हा फरक बिनबोभाट सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र 'या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं' याचा अंदाज बांधावा लागतो. एकाच फोटोत दोन-तीन प्रकारचा उजेड असला की कुठलाही एक अंदाज सगळ्यांना लागू पडत नाही. माझ्या फोटोंत नेमकं हेच होत होतं. त्यात ती पिस्ता भिंत! भिंतीवर आपटून येणारा उजेड भिंतीचा रंग सोबत घेऊन येतो. म्हणून माझी प्रत्येक पांढरी साडी किंचित आजारी दिसत होती.

भिंतीवर पांढरी चादर लावली. ऊन थेट साडीवर आलं की एका बाजूला भगभगीत आणि दुसऱ्या बाजूला काळोख होतो, म्हणून खिडकीला मौसाचं जुनं पांढरं धोतर बांधलं. साडी खिडकीच्या बाजूला मांडली आणि पलीकडून थर्मोकोलची शीट उभी केली, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला. शीट स्टेशनरीवाल्याकडची. रिंग लाइटच्या किमतीत अशा कितीतरी आल्या असत्या!

मग फोन. आधी लेन्स पुसली. (हसू नका. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं आणि त्याने सगळा फोटो धुरकट दिसतो.) जवळ जाऊन फोटो काढला की काठ कडेला फाकल्यासारखा दिसायचा, म्हणून दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम केलं. पांढरी साडी करडी यायला लागली, कारण समोर जे काही असेल ते मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालायची कॅमेऱ्याला सवय असते. स्क्रीनवर साडीला बोट लावून ब्राइटनेस थोडा वर सरकवला, पांढरी पांढरी झाली. कुंकवासारख्या लाल साडीला उलटं. तिचा ब्राइटनेस थोडा उतरवावा लागतो, नाहीतर लाल रंग इतका भरून येतो की विणच दिसत नाही.

आता ती परत आलेली मोरपंखी. ती खिडकीत धरली आणि मी गप्पच झाले. समोरून निळी. जरा वळवली की हिरवी. धूपछाँव! उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. साडी हलली की रंग हलतो. खणातही हे हमखास दिसतं. म्हणजे माझा फोटो पूर्ण खोटा नव्हता आणि त्या बाईंची तक्रारही खोटी नव्हती. मी एका कोनातून दिसणारा निळा तेवढा पकडला होता आणि वर तो अ‍ॅपमध्ये आणखी चढवला होता. साडीचा हिरवा अर्धा मी पुसूनच टाकला होता.

अशा साडीला एक फोटो पुरत नाही. दोन कोनांतून दोन फोटो, आणि मावशीच्या हातावर साडी वळतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. दारात ती करायची तेच. शिवाय पदर वेगळा, काठ जवळून, उलटी बाजू, आणि काठाशेजारी मोजपट्टी, म्हणजे 'चार बोटं काठ' कुणाच्या बोटांनी हा वाद नको. खाली मावशीच्या शब्दांत वर्णन: उभा धागा निळा, आडवा हिरवा, उन्हात हिरवी जास्त दिसेल. मोबाइलचे स्क्रीन वेगवेगळे रंग दाखवतात हे खरंच आहे. पण आमसुली, अंजिरी, गुलबक्षी म्हटलं की मराठी बाईला स्क्रीनपलीकडचा रंग कळतो. हे शब्द माझ्याकडे नव्हते. मी सगळ्याला 'वाइन' लिहीत होते.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. एका साडीत विणताना आलेली छोटी गाठ होती. मावशी म्हणाली, तिचाही फोटो टाक. मी म्हटलं, "अगं, कोण घेईल मग?" ती म्हणाली, "जिला चालेल ती घेईल. जिला चालणार नाही तिला पाठवून मी 200 रुपये का घालवू?" गाठीचा फोटो टाकला. साडी चौथ्या दिवशी गेली.

पंच्याहत्तरीवाल्या बाईंना आम्ही तीन साड्यांचे नवे फोटो आणि व्हिडिओ पाठवले. पैसे तर आधीच परत केले होते. त्यांनी लिहिलं, "छान आहेत, पण आईची यांत नाही." साडी विकली गेली नाही. मला वाईट वाटलं, मावशीला नाही. "आता तिला खरं दिसलं ना," एवढंच म्हणाली. महिनाभराने त्याच बाईंनी खणाचे दोन पीस मागवले.

लाइक्स कमी झाले, हे कबूल करते. माझे जुने फोटो जास्त झगमगीत होते. पण त्या दिवाळीत 26 साड्या गेल्या आणि एकच परत आली, तीही पत्त्यात विंग चुकली म्हणून.

तुमच्याही घरात किंवा ग्रुपमध्ये कुणी ना कुणी काही विकत असणारच. आईचे लाडू, मैत्रिणीचे चांदीचे कानातले, ऑफिसातल्या कुणाच्या पणत्या. फोटो काढायची वेळ तुमच्यावर आली तर लाइट विकत घ्यायला धावू नका. समोरची व्यक्ती दुकानात असती तर तिने ती वस्तू कशी पाहिली असती, ते आधी आठवा. लाडू फोडून बघितला असता, मग एक फोडलेला लाडू दाखवा. कानातलं कानाला लावून बघितलं असतं, मग कानातच दाखवा. चांदीत तुमचा फोन आणि हात दिसत असतील तर भोवती पांढरे कागद उभे करा. आणि रंग चढवायचा मोह झाला की कुरिअरचे 200 रुपये आठवा.

ती टीव्हीशेजारची खुर्ची आता गॅलरीत असते, थर्मोकोल टेकवायला. परवा सकाळी मी पोचले तेव्हा मावशीने दिवे आधीच बंद केले होते. साडी हातावर घेऊन खिडकीत उभी होती, दुकानाच्या दारात उभी राहायची तशीच. मला म्हणाली, "लवकर ये गं, ऊन चढायच्या आत."