हार्ड डिस्क आणि पाठशुद्धी

दिवाळीच्या सुट्टीत जुने संशोधन पुस्तकरूपाने सिद्ध करावे, असा संकल्प आम्हा मराठीच्या प्राध्यापकांकडून दरवर्षी सुटतो आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली दरवर्षी गाडला जातो. गेल्या दिवाळीत मी मात्र नेटाने बसलो. कपाटातली जुनी हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडली. पडद्यावर काहीच उमटले नाही. डिस्कच्या डबीतून तेवढा दर चार-पाच सेकंदांनी ‘टक्... टक्’ असा आवाज येऊ लागला.

त्या डबीत २००७ साली अकोले तालुक्यात, मुळेच्या खोऱ्यात हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. एकंदर त्रेचाळीस ध्वनिमुद्रणे. त्यांतली सहा माझ्या आत्याची. आत्या २०१५ मध्ये गेली. दुसरी प्रत? नव्हती. एका ग्रंथाच्या अनेक प्रती का मिळवायच्या, हे वर्गात तासभर समजावणाऱ्या माणसाने आपल्या संग्रहाची एकच प्रत ठेवावी, याला काय म्हणायचे!

घाबरलेला माणूस जे करतो ते सगळे मी केले. डिस्क काढली, लावली, पुन्हा काढली. एकदा क्षणभर तिचे नाव पडद्यावर आले आणि ‘दुरुस्ती करू का?’ अशी विचारणा झाली. मी ‘हो’ म्हणणारच होतो, तोच वीज गेली. महावितरणचे इतके मनापासून आभार मी पूर्वी कधी मानले नव्हते. अर्थात त्या क्षणी ते आभाराचे कारण आहे, हे मला ठाऊक नव्हते. एका सहकाऱ्याने डिस्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय सुचवला. शेवटी संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, आधी वायर काढा. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, आत दव धरतं. आणि दुरुस्तीला ‘हो’ म्हटलं नाहीत ना?”

दुसऱ्या दिवशी येऊन त्याने मला डिस्कची शरीररचना समजावली. आत चकत्या गरगरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते. त्याला आपली जागा सापडली नाही की ते मागे फिरते आणि पुन्हा प्रयत्न करते. तोच हा आवाज. कधी कधी मात्र दोष नुसता अपुऱ्या विजेचा असतो. म्हणून त्याने आधी वायर आणि बाहेरची डबी बदलली. टकटक पुष्कळ कमी झाली, डिस्क ओळखली गेली. मग त्याने डिस्क स्वतःच ठेवत असलेली प्रकृतीची नोंद उघडली. न वाचता येणारे शेकडो कप्पे निघाले. “जाणार आहे, पण अजून बोलतेय,” तो म्हणाला. “आता दुरुस्ती नाही करायची. आधी नक्कल.”

‘डीडीरेस्क्यू’ या मुक्त आज्ञावलीने ती नक्कल तीन रात्री चालली. तिची रीत मला फार आवडली. सहज वाचता येते ते ती आधी उतरवून घेते; अडले की तिथे हट्ट धरत नाही, खूण करून पुढे जाते आणि अडलेल्या जागी शेवटी परत येते. तरीही जे वाचता आले नाही, तिथे ती कोरी जागा ठेवते. याउलट दुरुस्तीची आज्ञावली मूळ डिस्कवरच लिहीत सुटते. तिला व्यवस्था नीट लावायची असते. त्या नादात एखादी तुटकी फाइल कायमची गेली, तरी तिला त्याचे सोयरसुतक नसते.

हे ऐकताना मला नेवासे आठवले. मुळा पुढे जाऊन प्रवरेला मिळते आणि प्रवरेच्या काठावर नेवासे आहे. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढच्या तीन शतकांत नकलाकारांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले, भर पडली. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. ही ताकीद मी वर्षानुवर्षे परीक्षेतल्या टिपेचा मुद्दा म्हणून शिकवत आलो. ती ज्याला दिली होती त्या माणसाशी माझी अजून भेट व्हायची होती.

नक्कल पुरी झाली. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस ध्वनिमुद्रणे अखंड निघाली, तीन खंडित, एक गेले. ओव्यांच्या लिखित संहिता मिळाल्या, पण उघडल्यावर रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा नुसता काला दिसला. त्या काळी मी श्रीलिपीत टंकन करीत असे. तो जुना फाँट नसेल तर मराठी मजकूर मराठी राहत नाही. महानुभावांची सकळ लिपी आठवली. पोथी हाती असूनही किल्ली नसल्याने ती बाहेरच्यांना शतकानुशतके मुकी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती उलगडली. माझी किल्ली एका परिवर्तकात सापडली आणि संहिता युनिकोडमध्ये आल्या.

खंडित तिघांतले एक आत्याचे आहे. जात्याची घरघर, तिचा स्वर, आणि मध्येच अकरा सेकंद काहीही नाही. मग ती दुसऱ्याच ओवीच्या मध्यावर असते. ती हरवलेली ओवी माझ्या संहितेत होती. मला हायसे वाटले. ती तिथे बसवली की संग्रह पूर्ण.

खात्रीसाठी मी अखंड मुद्रणे संहितेशी ताडू लागलो आणि अंगावर काटा आला. आत्या ‘व्हतं’ म्हणते, मी ‘होते’ लिहिले आहे. ती ‘पानी’ म्हणते, मी ‘पाणी’. एके ठिकाणी प्रमाण रूप घातल्याने ओवीची लय मोडली, म्हणून मी एक शब्द पदरचा घालून ती सावरली आहे. संहितेत ओवी नीटनेटकी, परीक्षकांना दाखवण्याजोगी. तेव्हा मला पदवी हवी होती आणि आत्याची बोली शोधप्रबंधात अशुद्ध दिसेल, असे मला वाटले होते. डिस्कने अकरा सेकंद गमावले आणि ती जागा कोरी ठेवली. मी मात्र ओवीमागून ओवी गमावत गेलो आणि प्रत्येक जागा भरून टाकली.

बेचाळीस मुद्रणे आता पुन्हा ऐकून, ऐकू येईल तसे लिहितो आहे. प्रती तीन केल्या आहेत: एक घरी, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक त्या विद्यार्थ्याकडे. आत्याच्या त्या ओवीपुरता प्रश्न उरतो. ती कशी होती, हे सांगणारा साक्षीदार आता माझ्याखेरीज कोणी नाही, आणि माझी साक्ष विश्वसनीय नाही. पुस्तकात तिथे मी कंस घालून जागा मोकळी सोडणार आहे. खाली तळटीप असेल: ‘ध्वनिमुद्रण खंडित. संकलकाची २००७ची संहिता उपलब्ध आहे. परंतु ती संकलकाने सुधारलेली आहे.’