पुतणीच्या लग्नाची फुलं

तुळशीचं लग्न झालं की आमच्या नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, लग्नांची धांदल सुरू होते. नेमकी त्याच सुमारास शेवंतीही ऐन बहरात असते. पुतणीच्या लग्नाची फुलं ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी सरळ अकोळनेर गाठलं. दासगणू महाराजांचं हे जन्मगाव, पण पंचक्रोशीत त्याची ओळख फुलांचं गाव अशीच.

डेकोरेशनवाल्याने मोबाइलवर ऑर्किडच्या कमानी दाखवल्या होत्या, मंडपाला कापडी फुलंही सुचवली होती. कापडी फुलांना मी साफ नाही म्हटलं. शेजारच्या रानात माल उभा असताना मुलीच्या डोक्यावर खोटी फुलं कशाला?

पांढऱ्या शेवंतीच्या वाफ्यात शेतकरी दादांनी एक फूल खुडून उलटं धरलं. खालच्या पाकळ्या ताठ होत्या. "दहिवर उतरल्यावर तोडायचं ताई, ओलं भरलं तर क्रेटमध्येच काळं पडतं." हे ऐकून मी हळदीच्या दिवसाची तोडणी उन्हं वर आल्यावरच ठेवायला सांगितली.

वरमाळा मात्र निशिगंधाच्याच. त्याही एकेरी फुलांच्या, कारण दुहेरी फूल फुलदाणीत शोभतं, हारात एकेरीच नीट ओवलं जातं. मध्ये लाल गुलाब. दाराला झेंडू आणि आंब्याचा डहाळा. पुतणी म्हणाली, "काकू, मुंडावळ्या मोत्यांच्या नकोत, मोगऱ्याच्या हव्यात." थंडीत मोगरा मिळणं कठीण. निशिगंधाच्या कळ्यांच्या करू म्हटलं, तर लगेच कबूल झाली. उद्या हारवाल्याला विसार द्यायचा आहे.