२४ मिलिमीटरच्या आत

पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या भागांचं विश्लेषण मी काही वर्षं केलं होतं. तिथं मटेरियलचे दोन आकडे भरले की काम सुरू व्हायचं: यंग्ज मॉड्युलस आणि पॉयसन रेशो. कार्बन-इपॉक्सीच्या थरांनी (प्लाय) बनलेल्या २४ मिलिमीटर जाड लॅमिनेटचं सॉलिड मॉडेल करायला बसले, तर सॉफ्टवेअरने नऊ आकडे मागितले. तंतूंच्या दिशेने कडकपणा सुमारे १४० गिगापास्कल, आडवा जेमतेम ९. आणि जाडीच्या दिशेने? डेटाशीटवर तो रकानाच नव्हता.

आमच्या गटातल्या मॅडम म्हणाल्या, “अगं, तंतू आडवा कापून बघ. त्या छेदात प्लायला डावं-उजवं आणि वर-खाली सारखंच. नवातले स्वतंत्र पाचच.” हे पटलं. पण एका प्लायपुरतंच. आमच्या एका प्लायची जाडी ०.१२५ मिलिमीटर होती. माझ्या तुकड्यात अशा १९२ प्लाय होत्या, काही ०°, काही ९०°.

मुळात सॉलिड एलिमेंट कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. पातळ पॅनेल आम्ही शेल एलिमेंटने करतो आणि ते छान जमतं. अमेरिकेतल्या निकोलस पॅगॅनो यांच्या १९६९ आणि १९७० च्या शोधनिबंधांत त्याचं उत्तर सापडलं. त्यांनी थरांच्या पट्टीचं वाकणं कोणतंही गृहीतक न लादता, थेट त्रिमितीय समीकरणांतून सोडवलं. ०/९०/० अशी तीन थरांची पट्टी घ्या, तिची लांबी जाडीच्या फक्त चौपट ठेवा. त्यांनी धरलेल्या मटेरियलच्या आकड्यांनुसार, पातळ पट्टीचा नेहमीचा सिद्धांत जेवढं वाकणं सांगतो, त्याच्या पाचपटीहून जास्त ती खरोखर वाकते. जाड पुस्तक वाकवताना पानं एकमेकांवर सरकू पाहतात, तसे इथे थर कातरले जातात. कातर सोसणारं इपॉक्सी तंतूंच्या मानाने फार मऊ असतं. लांबी जाडीच्या शंभरपट केली की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. हे वाचल्यावर सॉलिडबद्दलची माझी शंका संपली, आणि खरा गोंधळ तिथून पुढे सुरू झाला.

माझा तुकडा ९६ मिलिमीटर लांब, ४८ रुंद. प्रत्येक प्लायला जाडीत एक एलिमेंट द्यायचं ठरवलं, तर प्रतलात मेश एक मिलिमीटरची धरली तरी जवळपास नऊ लाख एलिमेंट आणि साडेसत्तावीस लाख अज्ञातं. हा झाला नुसता चाचणीचा तुकडा. पूर्ण भाग असा सोडवणं आमच्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून लेयर्ड सॉलिड: एकाच एलिमेंटच्या पोटात अनेक प्लाय, प्रत्येकीची दिशा वेगळी. सॉफ्टवेअर सगळ्यांचा कडकपणा जाडीभर बेरजेत घेतं. थर रचण्याची दिशा मात्र एलिमेंटच्या नेमक्या कोणत्या बाजूकडे आहे, हे स्वतः तपासावं लागतं. ती फिरली तरी मॉडेल तक्रार न करता चालतं.

चाचणीच्या तुकड्यावर दोन्ही मॉडेलांचं वाकणं जुळलं. थरांमधला कातर ताण मात्र जुळला नाही. प्रत्येक प्लायला एलिमेंट दिलेल्या मॉडेलमध्ये तो जाडीभर सलग चढत-उतरत होता. लेयर्ड सॉलिडमध्ये करवतीच्या दात्यांसारखा. मी बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिले. कारण कळलं तेव्हा मात्र ते अगदी साधं निघालं. एका एलिमेंटच्या आत कातर विकृती सलग असते. तीच विकृती ०° प्लायमध्ये सुमारे ५ गिगापास्कलने गुणली जाते आणि शेजारच्या ९०° प्लायमध्ये सुमारे ३ ने, म्हणून सीमेवर ताणाची उडी पडते. निसर्गात नेमकं उलटं घडतं: दोन थरांच्या सीमेवर हा ताण सलग राहतो आणि उडी विकृतीची असते. १९८८ मध्ये सन आणि ली यांनी जाड लॅमिनेटसाठी सममूल्य स्थिरांकांची जी सूत्रं दिली, ती याच तत्त्वावर आहेत. प्रतलातली विकृती समान, जाडीच्या दिशेचा ताण समान. मला ती फार सुंदर वाटतात. संपूर्ण भागाचा कडकपणा त्यांच्यावर सोपवावा. ताण हवा असेल तिथे मात्र छोटं सबमॉडेल करून प्रत्येक प्लायला एलिमेंट द्यावंच लागतं.

मोकळ्या कडेपाशी आणखी एक कोडं निघालं. मेश बारीक करत गेले तसा थरांमधला ताण वाढतच गेला, थांबेना. पाइप्स आणि पॅगॅनो यांनी १९७० मध्येच या कडेच्या ताणांचा अभ्यास केला होता. लवचिकतेच्या सिद्धांतानुसार, वेगवेगळ्या दिशांच्या दोन प्लाय मोकळ्या कडेला भेटतात त्या रेषेवर ताण अमर्याद असतो. तिथला सर्वोच्च आकडा अहवालात लिहिण्यात अर्थ नाही. ठरावीक अंतरावरची सरासरी घ्यावी किंवा कोहेसिव्ह एलिमेंट लावून थर सुटतात का ते पाहावं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तंतूंच्या दिशेने ही सामग्री २००० मेगापास्कलच्या आसपास ओढ सोसते, थर उचकटणाऱ्या ओढीपुढे मात्र दोन आकडी मेगापास्कललाच हार मानते. जाड भाग, विशेषतः वळणापाशी, बहुधा थरांमधूनच फुटतो.

या कामाला नव्याने बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपला भाग उघडण्याआधी पॅगॅनोंची तीन थरांची पट्टी, लांबी जाडीच्या चौपट ठेवून, निवडलेल्या एलिमेंटने सोडवा. नुसतं वाकणं जुळलं म्हणून थांबू नका. कातर ताणाचा आलेखही त्यांच्या उत्तराशेजारी ठेवून बघा.