मृग लागतो तेव्हा

दरवर्षी ७-८ जूनला मृग लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाशात मृग दिसत नाही. दिसणार कसा? सूर्य त्याच्याच शेजारी आलेला असतो. दोघं बरोबर उगवतात, बरोबर मावळतात. उन्हात बुडालेल्या ताऱ्यांचा हिशेब ठेवून आपल्या माणसांनी पेरणीचे दिवस बांधले. मला ही मानवी बुद्धीची फार मोठी झेप वाटते.

या विद्येला युरोपात ॲस्ट्रॉनॉमी म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. आस्ट्रॉन म्हणजे तारा आणि नोमॉस म्हणजे नियम, रीत. नोमॉसच्याही मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ वाटून देणं. ताऱ्यांची वाटणी! आमच्या शेतकऱ्यानं दुसरं काय केलं? सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे २७ सारखे भाग, एकेका भागात सूर्य १३-१४ दिवस राहणार, आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक भागाचा पाऊस निराळा. मृगाचा मिरग. आर्द्रेचा अडदरा. पुनर्वसूचा पाऊस तरणा, तर पुष्याचा म्हातारा. हस्ताचा पाऊस हत्तीचा. त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते आणि पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात. मृगाचा तर किडासुद्धा आहे, पहिल्या सरींनंतर बांधावर दिसणारा तांबडा, मखमली. अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या तोंडीही सूर्याची वाट अशी पाठ होती.

नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, यावरून पाऊस किती पडेल हे सांगण्याची चालही आहे. ते मला पटत नाही. सूर्य कधी कुठं असेल हे गणित सांगतं. ढग किती बरसतील हे बेडकाला विचारून कळत नाही. पाहणं आणि भाकीत करणं या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवायला हव्यात.

आणि ही वाटणी स्थिरही नाही. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा, असा डोलतो. त्यामुळे नक्षत्रं ऋतूंच्या मानानं साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. ज्ञानेश्वरांच्या काळी मृग ऋतुमानानं आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी लागत असे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिलं ते याच सरकण्याचा धागा धरून: वसंतसंपात मृगात असण्याच्या काळाचे उल्लेख वेदवाङ्मयात आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी काढलेला काळ सगळ्या विद्वानांना मान्य झाला नाही. तरी एका नक्षत्रावरून हजारो वर्षं मोजायला निघण्याची ती ईर्षा मला अजून हलवते.

आज पाऊस मोबाइलवर कळतो, आणि तो अंदाज अधिक भरवशाचा आहे. त्यावर रुसण्याचं कारण नाही. पण मिरग, अडदरा, म्हातारा ही नावं जिभेवरून गेली की त्यांच्याबरोबर वर पाहायची सवयही जाते, आणि ते नुकसान कुठल्याही अंदाजानं भरून येणार नाही.

म्हणून एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पावसाच्या नक्षत्रांची त्यांच्या बोलीतली नावं विचारा आणि लिहून ठेवा. मग जानेवारीत रात्री दहाच्या सुमाराला गच्चीवर नाहीतर खळ्यात जा आणि दक्षिणेकडे तोंड करून मान चांगली वर करा. चार कोपऱ्यांचे चार तारे हे मृगाचे पाय. मधोमध एका रेषेत तीन तारे दिसतील, तो त्याच्या पोटात रुतलेला बाण. ती रेषा डावीकडे खाली वाढवली की बाण मारणारा व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. उजवीकडे वर वाढवली की लालसर रोहिणी. बरोबर एखादं लहान मूल असेल तर त्यालाही दाखवा.